संयोजक प्रथिने आणि पेशीचा प्रतिकार : मायडी-८८ या प्रथिनाच्या आधारे एक विवेचन

विषयप्रवेश

पेशीच्या संदेशवहनाचे वर्णन करताना सामान्यतः दोन घटकांचा विचार केला जातो. पहिला घटक म्हणजे पेशीपटलावरील ग्राही. बाहेरचा रेणू ओळखणे हे त्याचे कार्य. दुसरा घटक म्हणजे पेशीतील विकरे. एखाद्या प्रथिनास फॉस्फेट जोडणे, एखाद्या प्रथिनाचे विघटन करणे अशी रासायनिक कामे ती करतात. परंतु ग्राही आणि विकर यांची गाठ घालून देणारा प्रथिनांचा एक तिसरा वर्ग आहे. त्या वर्गातील प्रथिने बाहेरचा रेणू ओळखत नाहीत आणि कोणतीही रासायनिक क्रिया घडवून आणत नाहीत. अनेक खंडांनी बनलेल्या आपल्या शरीराच्या एका टोकाने ती ग्राहीला धरतात व दुसऱ्या टोकाने विकराला. इंग्रजी ग्रंथांत ज्यांना अ‍ॅडॉप्टर प्रथिने म्हणतात त्यांना प्रस्तुत लेखात संयोजक प्रथिने असे म्हटले आहे.

जे प्रथिन स्वतः काहीच करीत नाही त्याला जीवरसायनशास्त्रात इतके महत्त्व का द्यावे, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मायडी-८८ या एकाच प्रथिनाची निवड येथे केली आहे. हे प्रथिन नसलेली मुले न्यूमोकॉकससारख्या सामान्य जंतूने दगावतात. याच प्रथिनात एका अ‍ॅमिनो अम्लाचा फेरबदल झाला तर रक्तपेशींचा कर्करोग उद्भवू शकतो. केवळ मध्यस्थी करणाऱ्या रेणूच्या हाती एवढी सत्ता कशी येते, हे समजले म्हणजे संयोजकांच्या कार्याचे मर्म समजले असे म्हणावयास हरकत नाही.

संयोजक या कल्पनेचा उदय

१९८६ साली कॅनडातील टोनी पॉसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विषाणुजन्य कर्कप्रथिनाचा अभ्यास करताना असे दाखविले की, त्यातील विकरक्रिया करणाऱ्या भागाबाहेर सुमारे शंभर अ‍ॅमिनो अम्लांचा एक स्वतंत्र खंड आहे. त्यास त्यांनी एसएच-२ हे नाव दिले. फॉस्फेटयुक्त टायरोसीन ओळखून त्यास चिकटणे हे या खंडाचे कार्य होय, हे पुढे सिद्ध झाले. १९८८ मध्ये न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात हिदेसाबुरो हानाफुसा यांच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या एका अर्बुदकारक विषाणूतून क्र्क नावाचे प्रथिन सापडले. या प्रथिनाने एक कोडेच उभे केले. ते ज्या पेशीत शिरे तिच्यात टायरोसीनच्या फॉस्फेटीकरणाचे प्रमाण वाढे. परंतु त्या प्रथिनात फॉस्फेट जोडणारा भागच नव्हता. ज्याच्या हाती शस्त्र नाही त्याने युद्ध कसे पेटविले, असा हा प्रश्न होता. त्याचे उत्तर असे की, क्र्क हे इतर प्रथिनांना एकत्र आणीत होते.

१९९२ मध्ये जीआरबी-२ या प्रथिनाचा शोध लागला व ही कल्पना दृढ झाली. त्याच्यात एक एसएच-२ व दोन एसएच-३ असे तीनच खंड आहेत. एसएच-२ खंडाने ते वृद्धिकारक रेणूंच्या ग्राहीला धरते आणि एसएच-३ खंडांनी सॉस या प्रथिनाला. सॉस पटलाजवळ आले म्हणजे तेथेच असलेले रास हे प्रथिन कार्यान्वित होते. येथे सॉस किंवा रास यांच्या रासायनिक गुणधर्मांत कोणताही बदल होण्याची आवश्यकता नसते. बदलते ते केवळ स्थान. सान्निध्य हीच एक प्रकारची आज्ञा होय, हा संयोजकांच्या अभ्यासातून मिळालेला पहिला धडा आहे.

मायडी-८८ चा शोध

मायडी-८८ चे जनुक १९९० मध्ये डॅन लीबरमन यांच्या गटास सापडले, तेव्हा त्याचा प्रतिकारक्षमतेशी काही संबंध असेल अशी कल्पना नव्हती. उंदराच्या रक्तकर्काच्या पेशींवर इंटरल्यूकिन-६ ची क्रिया होऊन त्या प्रौढ होऊ लागल्या की जी जनुके प्रथम जागृत होतात त्यांच्या यादीतील ते एक होते; नावातील ८८ हा अंक केवळ त्या यादीची आठवण देतो.

दरम्यान एका अगदी निराळ्या क्षेत्रात दुसरा धागा विणला जात होता. फळमाशीच्या गर्भात पाठ व पोट यांची दिशा ठरविणारे टोल नावाचे जनुक ज्ञात होते. १९९१ मध्ये निकोलस गे व फिओना कीथ यांनी असे निदर्शनास आणले की, टोल प्रथिनाचा पेशीच्या आतील भाग आणि मानवातील इंटरल्यूकिन-१ च्या ग्राहीचा आतील भाग यांत विलक्षण साम्य आहे. या समान भागाला पुढे टिर खंड हे नाव मिळाले. १९९६ मध्ये ब्रुनो लमेत्र, ज्यूल्स हॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोल नसलेली माशी बुरशीच्या संसर्गाने मरते हे सिद्ध केले. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठात रुस्लान मेजितोव्ह व चार्ल्स जेनवे यांनी टोलसदृश प्रथिन मानवातही आहे हे दाखविले.

१९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने सी-३-एच/एचईजे या जातीच्या उंदरांचे जुने गूढ उकलले. जंतूंच्या कवचातील लिपोपॉलिसॅकराइड इतर उंदरांस प्राणघातक ठरेल एवढ्या मात्रेत दिले तरी हे उंदीर निर्धास्त असत. परंतु साल्मोनेलाच्या संसर्गास मात्र ते सहज बळी पडत. त्यांच्या टीएलआर-४ या ग्राहीत एका प्रोलीनच्या जागी हिस्टिडीन आलेले आढळले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा दोष ग्राहीच्या बाह्य भागात नसून आतील टिर खंडात आहे. दार ठोठावल्याचा आवाज दारापर्यंत पोहोचतो. घरात मात्र तो कोणास ऐकू जात नाही. टिर खंड आतल्या बाजूस कोणाशी बोलतो हाच आता प्रश्न उरला होता.

त्याचे उत्तर १९९७ व १९९८ मध्ये अनेक प्रयोगशाळांतून जवळजवळ एकाच वेळी आले. मायडी-८८ च्या एका टोकाला टिर खंड आहे, तर दुसऱ्या टोकाला मृत्युखंड या नावाने ओळखला जाणारा खंड आहे. टिर खंडाने ते ग्राहीच्या टिर खंडास मिळते व मृत्युखंडाने आयरॅक या फॉस्फेट जोडणाऱ्या विकरांच्या कुलास. शिझुओ अकिरा यांच्या गटाने हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांच्यावर इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-१८ व लिपोपॉलिसॅकराइड यांपैकी कशाचाही अपेक्षित परिणाम होत नव्हता. उपजत प्रतिकारक्षमतेविषयीच्या शोधांबद्दल बॉयटलर व हॉफमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक राल्फ स्टाइनमन यांच्यासमवेत मिळाले.

रचना व कार्यपद्धती

मानवी मायडी-८८ ची प्रचलित साखळी २९६ अ‍ॅमिनो अम्लांची आहे. तिचे तीन भाग पडतात : आरंभी मृत्युखंड, मध्ये एक लहान मध्यखंड व शेवटी टिर खंड. टीएलआर-४ चे उदाहरण घेतल्यास घटनाक्रम पुढीलप्रमाणे आहे. लिपोपॉलिसॅकराइड हे ग्राही व त्याचे सहायक प्रथिन एमडी-२ यांच्या जोडीस चिकटते. त्यायोगे दोन ग्राही समोरासमोर येतात आणि आतल्या बाजूस त्यांचे टिर खंड परस्परांना भिडतात. पटलाच्या आतील पृष्ठभागाशी संलग्न असणारे माल हे दुसरे संयोजक प्रथम तेथे येते व त्याच्या द्वारे मायडी-८८ येते. मायडी-८८ च्या मृत्युखंडांवर आयरॅक-४ व त्यावर आयरॅक-१ किंवा आयरॅक-२ रचले जातात.

ही रचना केवळ कल्पनेने मांडलेली नाही. हाओ वू यांच्या गटाने २०१० मध्ये क्ष-किरण स्फटिकविज्ञानाच्या साहाय्याने तिचे प्रत्यक्ष स्वरूप प्रसिद्ध केले. मायडी-८८ चे सहा, आयरॅक-४ चे चार व आयरॅक-२ चे चार असे चौदा मृत्युखंड डावीकडे वळणाऱ्या एका सर्पिल मनोऱ्यात रचलेले त्यांना दिसले. या मनोऱ्यास मिडोसोम असे नाव आहे. आयरॅक-४ चे रेणू या मनोऱ्यात इतके जवळ येतात की ते एकमेकांस फॉस्फेट जोडू लागतात. यापुढील पायऱ्या सुपरिचित आहेत. आयरॅककडून संदेश ट्रॅफ-६ कडे जातो, ट्रॅफ-६ युबिक्विटिनच्या साखळ्या बांधते, त्यांच्यावर टॅक-१ हे विकर गोळा होते आणि शेवटी एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन आपल्या निरोधकापासून मुक्त होऊन केंद्रकात शिरते. तेथे दाहकारक रेणूंची जनुके जागृत होतात. इंटरल्यूकिन-६ व ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे त्यांपैकी प्रमुख होत.

येथे संयोजकाच्या सत्तेचे रहस्य उघड होते. विकर जेव्हा एकेकटे काम करते तेव्हा त्याचे कार्य मात्रेनुसार हळूहळू वाढते. परंतु मनोऱ्याची रचना ही सहकारी स्वरूपाची असते. पहिले दोन-तीन रेणू एकत्र येणे कठीण. ते एकदा जमले की पुढील रेणू सुलभतेने येऊन मिळतात. म्हणून एखादा भटका जंतुकण पेशीस चुकून स्पर्शून गेला तर मनोरा पुरा होत नाही व पेशी शांत राहते. संदेश पुरेसा बलवान असेल तर मात्र मनोरा त्वरेने उभा राहतो आणि प्रतिसाद पूर्ण शक्तीने उमटतो. संदेशास केव्हा प्रतिसाद द्यावयाचा याची उंबरठा-मर्यादा अशा रीतीने संयोजकाच्या रचनेतच अंतर्भूत आहे.

याचा एक सुंदर पुरावा निसर्गानेच उपलब्ध करून दिला आहे. मायडी-८८ च्या जनुकापासून मध्यखंड नसलेले एक आखूड प्रथिनही तयार होते. दोन्ही टोके शाबूत असल्यामुळे ते ग्राहीपाशी जाते व जागा अडवून बसते. परंतु आयरॅक-४ ला ते आणू शकत नाही. तेव्हा तेच प्रथिन, मधला लहानसा तुकडा गमावताच, संदेशाचा वाहक न राहता संदेशाचा अवरोधक बनते. लिपोपॉलिसॅकराइडचा मारा दीर्घकाळ चालू राहिला तर मोनोसाइट पेशींत हे आखूड रूप वाढते. दाह आटोक्यात ठेवण्याचा तो एक मार्ग असावा.

एक ग्राही, दोन संयोजक

अकिरा यांच्या उंदरांत एक विसंगती आढळली होती. मायडी-८८ नसतानाही लिपोपॉलिसॅकराइड दिल्यावर एनएफ-कप्पा-बी काहीशा विलंबाने का होईना, पण कार्यान्वित होत असे. याचा अर्थ टीएलआर-४ पासून आत जाणारी आणखी एक वाट असली पाहिजे. २००३ मध्ये ट्रिफ या संयोजकाच्या अभ्यासातून ती वाट सापडली. टीएलआर-४ पटलावर असताना माल व मायडी-८८ यांच्याशी संबंध जोडतो. पेशीने त्यास पिशवीत घालून आत ओढले की तो ट्रॅम व ट्रिफ यांच्याशी संबंध जोडतो आणि त्यातून बीटा-इंटरफेरॉनची निर्मिती होते. विषाणूंचा द्विसूत्री आरएनए ओळखणारा टीएलआर-३ हा ग्राही तर केवळ ट्रिफचाच उपयोग करतो. तेव्हा एकाच शत्रूची एकच वार्ता कोणत्या संयोजकाच्या हाती पडते यावर पेशीचे उत्तर अवलंबून असते.

या कुलातील पाचवे प्रथिन सार्म हे होय. त्याच्या बाबतीत एक अपवाद नोंदविणे आवश्यक आहे. त्याचा टिर खंड एनएडी या रेणूचे स्वतःच विघटन करतो, असे २०१७ मध्ये आढळून आले. संयोजकास रासायनिक क्रिया नसते हा नियम म्हणून उपयुक्त असला तरी तो निरपवाद मानू नये.

ज्या रेणूवर इतके अवलंबून आहे त्याच्यावरच शत्रूने घाव घालावा यात नवल नाही. मूत्रमार्गाचा दाह निर्माण करणाऱ्या ई. कोलायच्या काही जाती आणि ब्रुसेला हे जंतू टिर खंडाची नक्कल असलेली प्रथिने बनवितात व मायडी-८८ च्या कार्यात अडथळा आणतात, असे २००८ मध्ये दाखविण्यात आले. यकृतदाह-सी चा विषाणू आपल्या प्रथिनभंजक विकराने ट्रिफचेच तुकडे करतो.

उणीव : ज्वर न येणारी मुले

२००८ मध्ये हॉर्स्ट फॉन बेर्नुथ, जाँ-लोराँ काझानोव्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायडी-८८ चे कार्य जन्मतःच नसलेल्या नऊ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. आयरॅक-४ ची उणीव असलेली मुले त्यापूर्वी, २००३ मध्ये, ज्ञात झाली होती आणि दोन्ही विकारांचे चित्र जवळजवळ एकच आहे. न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस ऑरियस व स्यूडोमोनस या पूजनक जंतूंचे अतितीव्र संसर्ग या मुलांस वारंवार होतात. मेंदूच्या आवरणाचा दाह, रक्तदोष, सांध्यांत पू होणे ही त्यांची रूपे.

या विकाराचे सर्वांत घातक लक्षण म्हणजे लक्षणांचा अभाव. ज्वर आणणारे रेणू याच मार्गाने तयार होत असल्यामुळे संसर्गाच्या आरंभी या मुलांस ज्वर बेताचाच येतो किंवा येतच नाही. रक्तातील सी-प्रतिक्रियाशील प्रथिनही फारसे वाढत नाही. वैद्य ज्या खुणांवरून संसर्गाची तीव्रता मापतो त्याच खुणा येथे दिशाभूल करतात आणि उपचारास अवधी उरत नाही. २०१० मध्ये दोन्ही विकारांच्या मिळून साठ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात झालेले मृत्यू आठ वर्षे वयाच्या आतील होते. जी मुले या वयातून पार पडतात त्यांची प्रकृती पुढे सुधारत जाते. अर्जित प्रतिकारक्षमता परिपक्व होऊन ही उणीव भरून काढते, असे अनुमान आहे.

या रुग्णांपासून मिळालेली दुसरी शिकवण पद्धतीविषयी आहे. मायडी-८८ नसलेले उंदीर प्रयोगशाळेत बहुतेक सर्व प्रकारच्या रोगजंतूंना बळी पडतात. माणसाच्या बाबतीत मात्र ही दुर्बलता मुख्यतः मोजक्या पूजनक जंतूंपुरती दिसली. क्षयाचे जंतू, बुरशी, परोपजीवी व बहुतेक विषाणू यांना ही मुले इतरांसारखीच तोंड देतात. पिंजऱ्यातील उंदरास ठराविक मार्गाने ठराविक मात्रा दिली जाते, तर माणसास संसर्ग नैसर्गिक परिस्थितीत होतो. प्राण्यावरील प्रयोगाचा निष्कर्ष माणसास लागू करताना किती सावध असावे याचे हे उदाहरण आहे. अर्थात मानवाविषयीचा निष्कर्षही अंतिम मानण्याचे कारण नाही. २०२३ मध्ये असे प्रसिद्ध झाले की, या रुग्णांना कोविड-१९ चा न्यूमोनिया गंभीर स्वरूपात होण्याचा धोका मोठा आहे. कारण टीएलआर-७ कडून इंटरफेरॉनचा आदेश नेणारा मार्गही मायडी-८८ मधूनच जातो.

निदान झाल्यास मात्र या मुलांस वाचविता येते. लसीकरण, प्रतिबंधक प्रतिजैविके, आवश्यकतेनुसार इम्युनोग्लोब्युलिन आणि ज्वर नसतानाही केवळ संशयावरून तत्काळ उपचार हे त्यांचे स्वरूप आहे. ज्या मुलास एकदा अकारण तीव्र पूजनक संसर्ग झाला असून ज्वर त्या मानाने अल्प होता, त्याच्या बाबतीत या मार्गाची परीक्षा करणे अगत्याचे ठरते. रक्तातील श्वेतपेशींना टीएलआर-चेतकांचा स्पर्श घडवून त्यांच्या पृष्ठावरील एल-सिलेक्टिन गळून पडते की नाही हे पाहणे, ही त्यासाठी शीघ्र चाचणी आहे.

अतिरेक : थांबता न येणारा संदेश

आता याच्या उलट बाजू पाहू. २०११ मध्ये लसिकापेशींच्या एका विशिष्ट कर्करोगात मायडी-८८ च्या टिर खंडातील एका ल्यूसीनच्या जागी प्रोलीन आल्याचे आढळले. पुढच्या वर्षी स्टीव्हन ट्रिऑन यांच्या गटाने वाल्डेनस्ट्रॉम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॅक्रोग्लोब्युलिनेमियाच्या सुमारे नव्वद टक्के रुग्णांत हाच बदल दाखविला. जुन्या क्रमांकनानुसार या अम्लाचा क्रमांक २६५ आहे. २९६ अम्लांच्या साखळीत तेच स्थान २५२ वे ठरते. दोन्ही क्रमांक वाङ्मयात येत असल्याने विद्यार्थ्यांनी घोटाळा होऊ देऊ नये.

या बदलाने मायडी-८८ ला कोणतेही नवे रासायनिक सामर्थ्य प्राप्त होत नाही. केवळ त्याचे रेणू बाहेरील संदेशाविना आपापसांत जमू लागतात. उंबरठाच खाली येतो. मनोरे आपोआप उभे राहतात, एनएफ-कप्पा-बी अखंड जागृत राहते आणि जी पेशी मरावयास हवी ती जगत राहते. असे मायडी-८८ ब्रुटन टायरोसीन कायनेज या विकरासही कामास लावते, असे आढळून आले. त्या विकरास रोखणाऱ्या इब्रुटिनिब या औषधास वाल्डेनस्ट्रॉमच्या विकारासाठी अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. संयोजकात विकराप्रमाणे क्रियास्थानाची खाच नसल्यामुळे त्यावर थेट औषध योजणे दुर्घट असते. म्हणून त्याने हाताशी धरलेल्या विकरावर घाव घालणे हा मार्ग येथे यशस्वी झाला.

लसींच्या क्षेत्रात याच ज्ञानाचा विधायक उपयोग होतो. मोनोफॉस्फोरिल लिपिड-ए हा लिपोपॉलिसॅकराइडचा सौम्य केलेला अंश उंदरांत मायडी-८८ पेक्षा ट्रिफच्या मार्गास अधिक चेतना देतो असे २००७ मध्ये दिसून आले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एका लसीत तो सहायक द्रव्य म्हणून योजला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत विलग केलेल्या विषाणूपासून बनविलेल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये भारतात आपत्कालीन वापराची अनुमती मिळालेल्या कोव्हॅक्सिन लसीत टीएलआर-७ व टीएलआर-८ यांना चेतविणारे सहायक द्रव्य आहे. या दोन्ही ग्राहींचा संदेश मायडी-८८ मार्फतच आत जातो.

समारोप

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. विकर किती वेगाने काम करते हे त्याच्या रसायनावर ठरते. परंतु ते कोठे, केव्हा व कोणाबरोबर काम करील हे संयोजक ठरवितो. मायडी-८८ नसेल तर ग्राही व विकर दोन्ही निर्दोष असूनही परस्परांना अनोळखी राहतात आणि मूल ज्वराविना दगावते. तेच प्रथिन अकारण जमू लागले तर पेशीस शत्रू नसताना युद्धाची आज्ञा मिळत राहते. मृत्युखंडांची रचना स्फटिकात दिसली असली तरी जिवंत पेशीतील मनोरा वेळेवर मोडतो कसा, एकाच पेशीत निरनिराळे संयोजक एकमेकांच्या वाटेत येण्याचे कसे टाळतात, या प्रश्नांवर अद्याप पुष्कळ काम व्हावयाचे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी संदेशमार्गाची आकृती अभ्यासताना तीतील बाणांबरोबरच बाणांच्या मधल्या या निष्क्रिय दिसणाऱ्या नावांकडेही लक्ष द्यावे. रोगाचे कारण व उपचाराची दिशा पुष्कळदा तेथेच सापडते.